कंटेनरभर द्राक्षं, ग्रॅमभर औषध

चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये साधारण 13 टन द्राक्षं बसतात. क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनासाठी 2010 साली युरोपियन युनियनची द्राक्षातली मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. गुणाकार करून पाहा. अख्ख्या कंटेनरात मिळून हे रसायन 0.65 ग्रॅम चालेल, त्यापुढे गेलं की माल नापास. चिमटीत मावेल एवढी भुकटी, आणि तिच्यापायी 13 टन द्राक्षं, वर भाडं, शीतगृह, विमा, बँकेचं व्याज, सगळं टांगणीला.

त्या वर्षी हे नाशिककरांनी अनुभवलं. एप्रिलच्या सुमाराला नेदरलँड्समधून बातमी आली की भारतीय द्राक्षात सीसीसी सापडलं. सीसीसी म्हणजे हेच क्लोरमेक्वाट. बागायतदार त्याला लिहोसिन या बाजारातल्या नावानेच ओळखतात. तोवर हंगाम संपत आला होता. बराच माल विकून झाला होता, काही रॉटरडॅमच्या शीतगृहांत होता, काही अजून समुद्रावर होता. आयातदारांनी माल अडवला, दुकानदारांनी फळीवरून उतरवला, भाव कोसळले, आणि काही निर्यातदारांना पैसे मिळायच्या ऐवजी माल नष्ट करण्याच्या खर्चाचं बिल आलं.

जागतिक बाजारात धंदा कसा सांभाळावा यावर पुस्तकं भरपूर आहेत, परिसंवादांना तर तोटाच नाही. माझ्या मते त्या एका हंगामात त्यातलं निम्मं ज्ञान कोंबलेलं आहे. कारण गोंधळ नेमका कुठे झाला हे शोधत गेलं की फसवणूक सापडत नाही आणि निष्काळजीपणाही फारसा सापडत नाही. सापडतं ते वेगळंच. माल नाशिकहून युरोपला जायला तीन-चार आठवडे लागतात, पण युरोपातला नियम दिंडोरीच्या बागेत पोचायला त्याहून किती तरी जास्त वेळ लागतो. परदेशाशी धंदा करणाऱ्याचं खरं काम या दुसऱ्या प्रवासाचं आहे.

आधी बागेचं वेळापत्रक बघू. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, जिला जुने लोक गोडी छाटणी म्हणतात. खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. या काळात वेल नुसतीच वाढत सुटली, पानंच पानं झाली, तर घड कमी पडतात. म्हणून शेंडावाढ रोखायची असते, आणि लिहोसिन त्यासाठीच मारत. आपल्याकडे द्राक्षावर ते वापरायला परवानगी होती, ते दुकानात उघड मिळत होतं आणि सल्लागार लिहून देत होते. 2009 च्या एप्रिल-मेमध्ये मारलेलं औषध 2010 च्या मार्चमध्ये पिकलेल्या मण्यात सापडेल, असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मध्ये दहा महिने गेले होते, पावसाळा येऊन गेला होता, दुसरी छाटणी झाली होती. पण हे रसायन वेलीच्या लाकडात मुरतं आणि तिथून पुढच्या फुटीत चढतं.

युरोपला हे नवीन नव्हतं. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नासपतीच्या बागांत हेच घडलं होतं. वापर बंद करूनही झाडांत साठलेलं क्लोरमेक्वाट पुढे कित्येक वर्षं फळांत उतरत राहिलं, म्हणून नासपतीसाठी तात्पुरती सैल मर्यादा ठेवावी लागली. गव्हाचं तर विचारूच नका. युरोपात गहू लोळू नये, ताटं आखूड आणि ताठ राहावीत म्हणून हेच औषध सर्रास मारतात, आणि गव्हातली त्याची मर्यादा द्राक्षाच्या कैक पट आहे. म्हणजे त्या काळात तिथे पावातून जेवढं चाललं असतं त्याच्या छोट्याशा अंशासाठी द्राक्षं परत गेली. यात अन्याय आहे का? असं वाटणं साहजिक आहे. पण मर्यादा बहुतेकदा विषारीपणावर ठरत नाही, त्या पिकावर ते औषध वापरायची तिथे रीत आहे का यावर ठरते. गव्हावर रीत आहे, म्हणून त्याचा अभ्यास झाला आणि आकडा ठरला. द्राक्षावर रीत नाही, म्हणून आकडा यंत्राला मोजता येईल त्याच्या आसपास ठेवला. 2008 च्या सप्टेंबरपासून सगळ्या युरोपियन युनियनला एकच नियमावली लागू झाली. जिथे खास आकडा ठरलेला नाही तिथे सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, असा तिचा दंडक आहे. तो आपण केलेला नाही आणि त्यावर आपलं मत कोणी विचारलेलंही नाही. परक्या बाजारात विकायचं तर परक्या सवयींनी बनलेला कायदा पाळायचा, हे तिथे शिरण्याचं भाडं आहे.

तरीही प्रश्न उरतोच. माल जाण्याआधी तपासला नव्हता का? तपासला होता, आणि कसून तपासला होता. गंमत अशी की त्या वेळी द्राक्षाइतकी बारीक नोंद ठेवणारं दुसरं पीक देशात नव्हतं. त्यामागे एक जुना चटका होता.

1991 मध्ये महाराष्ट्रातल्या द्राक्ष सहकारी संस्था एकत्र आल्या आणि महाग्रेप्स सुरू झाली. पहिली काही वर्षं युरोपने आपल्या मालाला सरळ नाकं मुरडली. पॅकिंग धड नाही, घड सारखे नाहीत, मणी बारीक, प्रवासात देठ वाळलेले. त्यातून पूर्वशीतकरणाची सोय, चांगली खोकी, आणि खोक्यात गंधकाचा वायू सोडणारी पॅडं, असं एकेक शिकत माणसं पुढे सरकली. मग 2003 मध्ये नेदरलँड्समध्येच भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि अॅसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले. तेव्हा पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे काम आलं आणि निर्यातीच्या द्राक्षांसाठी उर्वरित अंशांच्या तपासणीची योजना बसली. 2006 मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट सुरू केलं. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद, त्याला क्रमांक, काढणीआधी प्रयोगशाळेने स्वतः बागेत येऊन घेतलेला नमुना, अहवाल पास झाला तरच पुढचे दाखले. रॉटरडॅममधल्या खोक्यावरच्या क्रमांकावरून निफाड तालुक्यातल्या गटापर्यंत पोचता येईल अशी ही व्यवस्था. ती कागदावरची नव्हती, चालत होती.

पण तपासायच्या रसायनांची एक यादी होती, आणि त्या यादीत सीसीसी नव्हतं. त्यात प्रयोगशाळेची एक अडचण मिसळली. बहुतेक कीडनाशकांचे अंश एकाच चाचणीत एका दमात शोधता येतात. क्लोरमेक्वाट पाण्यात इतकं सहज विरघळणारं आणि विद्युतभारित असतं की नेहमीच्या चाचणीत ते हाती लागतच नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. म्हणजे ते मुद्दाम शोधलं तरच सापडणार, आणि शोधा असं कोणी सांगितलेलंच नव्हतं. तिकडे मात्र एका प्रयोगशाळेने शोधलं. ग्रेपनेटने माल कोणाचा हे अचूक सांगितलं, पण त्यात काय आहे हे सांगायचं राहिलं. व्यवस्था उत्तम असूनही धंदा बुडू शकतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. दोष यंत्रणेत नव्हता, तिला विचारलेल्या प्रश्नांत होता.

आणि वेळ बघा. बातमी आली एप्रिलमध्ये. त्याच सुमाराला नाशिकमध्ये पुढच्या वर्षाची खरड छाटणी सुरू झालेली असते, काही बागांत लिहोसिनचे पंप भरलेही असतील. निरोप पोचायला पंधरा दिवस उशीर झाला असता तर पुढचा हंगामही हातचा गेला असता. त्यात ज्यांच्या वेलीत आधीचं औषध मुरलेलं होतं त्यांना वापर थांबवूनही लगेच सुटका नव्हती. सीसीसी तपासणीच्या यादीत आलं, द्राक्ष बागाईतदार संघाने आणि संशोधन केंद्राने गावोगाव सांगितलं, निर्यातदारांनी आपापल्या शेतकऱ्यांना बजावलं. वेल आटोक्यात ठेवायला शेंडा मारणं, पाण्याचा ताण देणं, नत्र कमी करणं हे जुने उपाय पुन्हा पुढे आले. खर्च मजुरीचा वाढला, पण माल सुटला.

आज निर्यातीच्या बागेत गेलात तर शेडच्या भिंतीवर औषधांच्या याद्या चिकटवलेल्या दिसतील. कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, कुठलं मारायचंच नाही, कुठलं यंदा नव्याने बंद झालं. शेतकऱ्याकडे फवारणीची वही असते: तारीख, औषध, मात्रा, पंप किती. ही वही नीट असणं ही आता शेतीइतकीच महत्त्वाची गोष्ट झाली आहे. आणि कायद्याची मर्यादा ही तर नुसती पहिली पायरी. युरोपातल्या, विशेषतः जर्मनीतल्या मोठ्या साखळी दुकानांचे स्वतःचे नियम त्याहून कडक असतात. काहींना कायद्यात बसणाऱ्या अंशाच्या एक तृतीयांशावर असलेला मालच चालतो. काही जण म्हणतात, प्रत्येक रसायन मर्यादेत असलं तरी एकूण चार-पाचांपेक्षा जास्त रसायनं सापडता कामा नयेत. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाल्यावर पावसाने गाठलं आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाने घड जाळायला सुरुवात केली की शेतकरी हाताला लागेल ते औषध मारणार, घर चालवायचं असतं. एकापाठोपाठ वेगवेगळी औषधं मारली तर बुरशीला सवय लागत नाही, हे शास्त्र आहे. पण वेगवेगळी मारली तर सापडणाऱ्या रसायनांची संख्या वाढते, हे दुकानाला चालत नाही. कोणत्या औषधांवर आपला कोटा खर्च करायचा हे डिसेंबरच्या आत ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना फेब्रुवारीतलं गिऱ्हाईक कोण हे माहीत असावं लागतं. बाग तीच, मणी तेच, पण जर्मनीसाठी वेगळी फवारणी आणि दुबईसाठी वेगळी.

पॅकहाऊसमध्ये हा सगळा हिशेब डोळ्यांना दिसतो. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मुली-बायका लांब टेबलांपाशी उभ्या असतात, डोक्याला जाळी, हातात बोथट टोकाची कात्री. घड देठाला धरूनच उचलायचा, कारण मण्यावरचा पांढरट मेणाचा थर बोट लागलं की पुसला जातो, आणि तो पुसलेला घड तिकडच्या खरेदीदाराला शिळा वाटतो. तडकलेला, डागी, चिकटून दबलेला मणी कात्रीने अलगद काढायचा. घड अर्धा किलोच्या पारदर्शक डब्यात असा बसवायचा की देठ खाली लपेल आणि वजनही बरोबर भरेल. माल बागेतून सकाळी उन्हाआधी काढलेला असतो. पॅक झाला की सहा ते आठ तासांत त्याच्या गराचं तापमान चार अंशांच्या खाली आणतात, मग शून्याच्या आसपास साठवण. कंटेनर बंद करताना आत तापमान नोंदणारं छोटं यंत्र ठेवतात. वाटेत कुठे वीज गेली, कोणत्या बंदरात प्लग काढून ठेवला, हे त्या यंत्रावरून कळतं, आणि भांडण झालंच तर तोच साक्षीदार. साखळी तुटली नाही तर द्राक्ष दीड-दोन महिने टिकतं. एकदा तुटली की पुढचं सगळं नशिबावर.

आता पैशांकडे वळू, कारण बाहेरच्या माणसाला सगळ्यात चुकीची समजूत इथे असते. त्याला वाटतं, निर्यातदार इथे शंभरला घेतो, तिथे तीनशेला विकतो. प्रत्यक्षात ताज्या फळाच्या धंद्यात बराचसा माल भाव न ठरवताच रवाना होतो. आयातदार म्हणतो, पाठवा, विकून हिशेब देतो. माल पोचल्यावर त्याचा माणूस खोकी उघडतो, फोटो काढतो, मणी किती गळले, देठ किती सुकला याचा अहवाल पाठवतो. मग विक्री होते. त्यातून भाडं, सीमाशुल्क, शीतगृह, पुन्हा पॅकिंग, दलाली वजा होते आणि उरलेली रक्कम इकडे येते. कधी किमान भावाची हमी मिळते, कधी तीही नाही. पण इकडे बागेत मात्र सौदा किलोच्या भावाने आधीच झालेला असतो आणि शेतकऱ्याला पैसे लवकर हवे असतात. या दोन टोकांच्या मध्ये निर्यातदार उभा असतो. खर्च रुपयांत, जहाजाचं भाडं डॉलरमध्ये, उत्पन्न युरोत किंवा पाउंडात. तीन चलनांपैकी एक जरी अडीच-तीन टक्क्यांनी हललं तरी मेहनतीचा नफा पुसला जाऊ शकतो. ज्यांना जमतं ते युरोचा दर बँकेकडे आगाऊ बांधून ठेवतात. भाव गडगडला की कच्चा व्यापारी शेतकऱ्याचे पैसे बुडवून पसार होतो, हे नाशिक जिल्ह्यातलं दरवर्षीचं रडगाणं आहे. त्यातला काही भाग सरळ लबाडी असते. पण काही भाग असा की जोखीम पेलायची ताकद नसलेल्या माणसाने ती अंगावर घेतलेली असते. जोखीम कोणाच्या अंगावर आहे हे सौद्याच्या दिवशीच उघड बोलावं, असं मला आग्रहाने वाटतं. एवढं झालं तर निम्मी भांडणं होणार नाहीत.

2010 च्या फटक्यातून शहाणपण घेतलेल्यांत विलास शिंदे यांचं नाव घ्यावं लागतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या शिंद्यांनाही त्या हंगामाने मोठा तोटा दिला. पुढे शेतकरी उत्पादक कंपनीच्या रूपाने त्यांनी उभारलेली सह्याद्री फार्म्स दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत वाढली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गेली. 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे 310 कोटी रुपये घातले. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की शेतकरी भागधारक असला की बातमीचा उलटा प्रवास लांबत नाही. तिकडे खोकं नापास झालं तर त्याचं कारण कोणत्या प्लॉटचं, कोणत्या फवारणीचं, हे त्याच संस्थेत फिरतं. व्यापारी मध्ये असला की ते कारण त्याच्या खिशात राहतं आणि शेतकऱ्याला फक्त कमी भाव कळतो.

बाग आणि कागदपत्रं सांभाळता येतात. समुद्राचं मात्र कोणाच्या हातात नाही. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि गेल्या काही वर्षांत जगाने संकटं बरोबर याच महिन्यांत पाठवली. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, मजूर गेले, ट्रक थांबले, आणि पुष्कळांनी निर्यातीची द्राक्षं बेदाण्याच्या शेडवर वाळत घातली. 2021 च्या 23 मार्चला एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि 29 मार्चपर्यंत तो रस्ता बंद राहिला. 2022 च्या फेब्रुवारीअखेर रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रशिया हे नाशिकच्या द्राक्षाचं मोठं गिऱ्हाईक. 1 मार्चला मर्स्क आणि एमएससी या मोठ्या जहाज कंपन्यांनी रशियाची बुकिंग थांबवली, रशियातल्या काही बँका पैसे पाठवायच्या जागतिक जाळ्यातून बाहेर काढल्या गेल्या, आणि इथे काढणी ऐन भरात. मग 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. 2024 च्या हंगामात न्हावा-शेवा बंदरातून निघालेली बहुतेक जहाजं सुएझ सोडून दक्षिण आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास दोन आठवड्यांनी वाढला आणि भाडं दुपटीच्या पुढे गेलं.

दोन आठवडे कांद्याला किंवा कापडाला फार नाहीत. द्राक्षाला आहेत, कारण ते पोचल्यावर दुकानातही टिकावं लागतं. मग काय केलं लोकांनी? काढणी थोडी अलीकडे घेतली, पण गोडी उतरू न देता. देठ हिरवे राहतील असे घड निवडले. पॅडं बदलून पाहिली. जिथे प्रवास छोटा तिकडे, म्हणजे आखाताकडे, माल वळवला. आणि काहींनी पहिला माल पाठवून, तो पोचल्यावर कसा दिसतो ते बघून, मगच पुढचे कंटेनर भरले, हा सगळ्यात शहाणा मार्ग. आश्चर्य म्हणजे 2023-24 मध्ये देशाची द्राक्ष निर्यात घटली नाही, वाढली. सुमारे 3.44 लाख टन, सुमारे 3,460 कोटी रुपयांची. पेरू देशात एल निनोच्या उष्म्याने पीक कमी आलं होतं, युरोपातल्या फळ्या रिकाम्या होत्या आणि भावाने जादा भाडं पचवलं. दुसऱ्याच्या बागेतलं हवामान आपल्या नफ्यात कसं उतरतं ते इथे दिसतं. नाशिकमधले जाणते निर्यातदार नोव्हेंबरपासून पेरू, चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या पिकाच्या बातम्या रोज बघतात. दक्षिण आफ्रिकेचा माल ओसरतो आणि इजिप्तचा यायचा असतो, त्या मधल्या फटीत आपली द्राक्षं विकली जातात. ती फट एखाद्या वर्षी पाच आठवड्यांची असते, एखाद्या वर्षी दोनच.

जवळचा बाजार सोपा असतो असंही समजू नये. वजनाने पाहिलं तर बांगलादेश हे आपल्या द्राक्षाचं मोठं गिऱ्हाईक. ट्रक बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमेवरून जातात, उर्वरित अंशांची एवढी कटकट नाही, थोडा दुय्यम मालही चालतो. पण 2022 च्या मे महिन्यात डॉलरची चणचण लागल्यावर बांगलादेशाने परदेशी फळांवर जादा शुल्क लावलं, आणि द्राक्षाचा भाव तिथल्या सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेला. तिथे माल नापास झाला नव्हता, त्यात काही सापडलं नव्हतं. त्या सरकारला फळापेक्षा इंधनासाठी डॉलर वाचवायचे होते, एवढंच. युरोपच्या नियमाला बागेत उत्तर आहे. ढाक्याच्या तिजोरीला बागेत उत्तर नाही. त्यासाठी गिऱ्हाईकं अनेक असावी लागतात. नेदरलँड्स, ब्रिटन, रशिया, अमिराती, बांगलादेश अशी विभागणी असली तर एखादं दार बंद झाल्यावर माल दुसरीकडे वळवता येतो. पण वळवता येण्यासाठी तो आधीपासून दोन्हीकडे चालेल असा पिकवलेला हवा, म्हणजे पुन्हा फवारणीच्या वहीपाशी येतो आपण.

जातींचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते पुढच्या दहा वर्षांचा सगळ्यात मोठा. आपली निर्यात प्रामुख्याने थॉमसन सीडलेसवर उभी आहे. ही जात कोणाच्या मालकीची नाही. आपल्या बागायतदारांनी तिच्यातून निवड करत तासगावकडच्या बोरगावात तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजला सोनाका अशा जाती काढल्या, वसंतराव आर्वे आणि नानासाहेब काळे यांची ती कमाई. पण थॉमसनचा मणी मुळात लहान. जिबरेलिक अॅसिडमध्ये घड बुडवून, विरळणी करून तो युरोपला हवा तसा 18 मिलिमीटरपर्यंत फुगवावा लागतो आणि त्यात मजुरी पाण्यासारखी जाते. पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका मात्र पेटंट असलेल्या नव्या जातींकडे कधीच वळले. त्यांचे मणी आपसूक मोठे, कुरकुरीत, पावसात कमी तडकणारे. दुकानदार आता जातीचं नाव सांगून माल मागतो. या जाती लावायच्या तर मालकाला स्वामित्वशुल्क द्यायचं आणि काडी शेजाऱ्याला द्यायची नाही, अशी अट.

इथे आपला स्वभाव आडवा येतो. चांगली काडी भावकीत, सोयऱ्यांत वाटणं हा महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतीचा प्राण होता, सोनाका गावोगाव गेली ती तशीच. आपला 2001 चा वनस्पती जाती संरक्षण व शेतकरी हक्क कायदाही शेतकऱ्याला बियाणं राखायचा, वाटायचा हक्क देतो, आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे परदेशी पैदासकार भारतात जात द्यायला कचरतात. सह्याद्रीने कॅलिफोर्नियात पैदास झालेल्या ‘आरा’ जाती कराराने आणल्या, तेव्हा आपल्या सभासदांकडून काडी बाहेर जाणार नाही याची हमी संस्थेने घेतली. एकट्या शेतकऱ्याला अशी हमी देता येत नाही आणि सरकारला ती पाळून घेता येत नाही. मध्ये संस्था लागते. संशोधन केंद्राने आणि बागाईतदार संघाने आपल्या जाती तयार करण्यावर जास्त पैसा लावावा, ही मागणी जुनी आहे. त्याला वेळ लागेल, वेल लावल्यापासून फळाची खात्री पटायलाच काही वर्षं जातात.

राहता राहिलं शुल्क. युरोपात भारतीय द्राक्षावर वर्षानुवर्षं 8 टक्के शुल्क पडत आलं आणि चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेला त्यांच्या करारांमुळे ते नव्हतं. ब्रिटनमध्येही आपल्याला तेवढंच. 2025 च्या 24 जुलैला भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या आणि त्यात द्राक्षावरचं शुल्क काढायचं ठरलं. नाशिकमध्ये स्वागत झालं, ते योग्यच. पण वाचलेले 8 टक्के आपोआप बागेत येणार नाहीत. ब्रिटनमधली मोठी दुकानं हंगामाचे भाव आणि आठवड्याला किती खोकी लागतील हे आधीच पुरवठादारांशी बसून ठरवतात, आणि शुल्क उतरलं हे त्यांनाही ठाऊक असतं. भाव तेवढाच उतरवा असं ते म्हणतील. तिथे ज्याच्याकडे हवी ती जात आहे, सलग दहा आठवडे पुरवठा आहे आणि मागच्या पाच वर्षांचे स्वच्छ तपासणी अहवाल आहेत, त्याला त्या टक्क्यांतला वाटा मागता येईल. बाकीच्यांचा वाटा लंडनमधल्या गिऱ्हाइकाच्या बिलात नाहीतर दुकानदाराच्या नफ्यात जाईल.